वार जुळवायचा राहिला

इसवी सन २०२३, जुलै महिन्याची चौदा तारीख, शुक्रवार, सकाळचे साडेअकरा. स्थळ तंजावूर, राजवाड्याच्या पश्चिमेकडील गल्लीत एका लाकडी जिन्याच्या वरचे भाड्याचे दालन. या वेळी आणि या जागी नामदेव ज्ञानप्रकाशराव, वय अठ्ठावन्न, व्यवसाय मोडी कागदांचे वाचन, यांना कळले की नऊ वर्षांपूर्वी आपण न्यायालयाला दिलेली एक ग्वाही चुकीची होती. आणि हे आपल्याला आज प्रथमच कळते आहे असे म्हणणे पुरते खरे नाही, हेही त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आले.

समोर दोन कागदांच्या छायाप्रती होत्या. दोन्ही जुन्या राजवटीतल्या, दोन्ही एकाच जमिनीच्या. ओरत्तनाडूच्या वाटेवर कालव्याला लागून असलेली ही अकरा एकर जमीन एका कागदाने वेंकटरावांच्या पूर्वजाला दिली होती आणि दुसऱ्याने गंगाबाईंच्या. ज्याचा कागद आधीचा त्याची जमीन, एवढाच तो दावा होता. नऊ वर्षांपूर्वी न्यायालयाने नामदेवरावांना दोन्ही कागदांची वर्षे विचारली. त्यांनी सांगितले: वेंकटरावांचा कागद १७८१ चा, गंगाबाईंचा १७८६ चा. जमीन वेंकटरावांना मिळाली.

जुन्या कागदांत वर्ष मोजण्याच्या दोन रीती असत. एकीत आलेल्या आकड्यात पाचशे नव्याण्णव मिळवले की इसवी सन निघतो. दुसरीत, फसली म्हणतात तिच्यात, पाचशे नव्वदच मिळवायचे. पहिल्या रीतीत वर्ष बहुधा अरबी शब्दांत लिहिलेले असते, आकड्यांत नसते. गंगाबाईंच्या कागदावर ते आकड्यांत होते, तरी नामदेवरावांनी पहिलीच रीत लावली होती. तिथेच शंका यायला हवी होती.

आणि ती आली होती. शंका आली म्हणजे काय करायचे, हे त्यांचे गुरू वैद्यनाथ यांनी त्यांना विसाव्या वर्षीच शिकवून ठेवले होते. कागदावर तिथी असते, वार असतो. आपण काढलेल्या वर्षात त्या तिथीला तो वार येतो की नाही हे पंचांगाच्या कोष्टकात पाहायचे, आणि वार जुळल्याशिवाय सहीला हात लावायचा नाही. बत्तीस वर्षांत नामदेवरावांनी हजारांवर कागद वाचले आणि प्रत्येकाचा वार जुळवला. एकाचा मात्र जुळवायचा राहिला. साक्षीच्या दिवशी सकाळी वेंकटराव त्यांना गाडीतून न्यायालयात घेऊन आले होते, आणि वाटेत, काचेबाहेर बोट दाखवून, सहज बोलावे तसे म्हणाले होते, "निकाल लागला की त्या कोपऱ्यातली दहा सेंट जागा तू घे की. बाजारभावानं कसाला? मी म्हणेन तो भाव." नामदेवराव तेव्हा गळक्या कौलांच्या भाड्याच्या घरात राहत होते. वार संध्याकाळी पाहू, असे त्यांनी मनाला सांगितले. संध्याकाळी पाहिला नाही. निकाल लागला, दहा सेंट, म्हणजे एकराचा दहावा हिस्सा, मिळाले, त्यावर घर उभे राहिले, आणि घर उभे राहिल्यावर तो वार पाहण्याचे धैर्य त्यांना कधी झाले नाही.

आज पाहावा लागला, कारण तिरुच्चीची एक शिक्षणसंस्था ती अकरा एकर विकत घेणार होती आणि तिच्या वकिलांनी दोन्ही कागदांचे नवे वाचन मागितले होते: तिथी, वार, वर्ष, सगळे ओळीने, खाली वाचकाची सही. कागदावर गुरुवार होता. १७८६ मध्ये त्या तिथीला गुरुवार येत नव्हता. त्यांनी पुन्हा पाहिले. मग पुस्तक मिटून, खिडकी लावून, तिसऱ्यांदा पाहिले, जणू उजेडच दिशाभूल करीत होता. अखेर नऊ वर्षे मागे जाऊन १७७७ चे पान उघडले, आणि तिथे गुरुवार बरोबर आपल्या जागी बसलेला होता.

गंगाबाईंचा कागद आधीचा होता. जमीन गंगाबाईंची होती. आणि आपण जिथे जेवतो, झोपतो, गुडघे टेकतो, ते घर दुसऱ्याच्या जमिनीवर उभे आहे.

हा कागद तंजावुरात दुसरे कोण वाचील, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याचे उत्तर 'कुणी नाही' असे आले तेव्हा त्यांना जे वाटले ते समाधान होते. त्या समाधानाचे त्यांना सगळ्यांत जास्त भय वाटले.

---

ख्रिस्ती माणसाचे नाव नामदेव कसे, असे त्यांना आयुष्यात इतक्या वेळा विचारले गेले होते की त्याचे उत्तर त्यांनी एका वाक्यात बसवून ठेवले होते: आजोबांनी देव बदलला, घरातली नावे बदलली नाहीत. घरात मराठी बोलायची, प्रार्थना तमिळमध्ये करायची, ही तीन पिढ्यांची रीत होती. पोट मोडीवर, भरवसा प्रभूवर, असे ते थट्टेने म्हणत. आणि त्यांच्या वाचनावर लोकांचा विश्वास होता त्याचे निम्मे कारण ते कोणत्या देवळात जातात हेच होते.

संध्याकाळी साडेपाचला ते मोपेडवरून घरी पोहोचले तेव्हा वेंकटराव ओसरीवर येऊन बसले होते. वय पासष्ट, अंगावर पांढरे वेष्टी धोतर, बोटात पुष्कराज. नामदेवरावांच्या पत्नी सुप्रभाबाई यांनी दिलेली कॉफी ते उंचावरून डबऱ्यात, त्या पसरट वाटीत, ओतून गार करीत होते. मेट्टूर धरणाचे पाणी सुटून महिना झाला होता. ओसरीपलीकडे कालवा काठोकाठ वाहत होता आणि त्यापलीकडे रोपे लावून नुकतीच हिरवी झालेली शेते होती.

"काय रे नामदेवा, झालं की वाचून? पुढच्या आठवड्यात तिरुच्चीची मंडळी येतात. त्यांना तुझीच सही होना, दुसऱ्याची चालत नाही. मी म्हटलं, घ्या, आमच्या ऊरात, या गावात, मोडीवाला एकच, आणि तो पण किरिस्ताव. खोटं बोलणार नाही, म्हणून भाव दुप्पट!" ते मोठ्याने हसले. "तुमचं बरं आहे. देव एकच. आमचं बघ, एकाला नारळ दिला की दुसरा रुसतो."

"एकच आहे म्हणून चुकवता येत नाही, वेंकटराव."

"चुकवायला कोण सांगतंय?" वेंकटरावांनी डबरा खाली ठेवला आणि घराच्या उजव्या अंगाला हात केला. "तो माडाचा तुकडा बघ. चाळीस झाडं. तिरुच्चीवाल्यांना तो नको, त्यांच्या आराखड्याच्या बाहेर जातो. विक्री झाली की तुझं कुंपण उचल आणि पलीकडे नेऊन लाव. कागद मी करून देतो."

आपण त्या दिशेला पाहायचे नाही असे नामदेवरावांनी ठरवले, आणि ठरवेपर्यंत पाहून झाले होते. चाळीस माड, मध्ये जुनी विहीर, कडेला वाटेपुरती जागा. नजरेने कुंपण उचलले, पलीकडे नेले, दोन ठिकाणी खांब रोवून बघितले. हे सर्व एका श्वासात घडले. ज्याचे घर परक्याचे आहे हे सकाळी कळले त्याच माणसाचे डोळे संध्याकाळी परक्याची बाग मोजीत होते. आपल्या आत कुणी दुसराच राहतो आहे आणि तो आपली परवानगी मागत नाही, असे वाटून त्यांनी ओसरीचा खांब घट्ट धरला.

"एक वार जुळवायचा राहिलाय," ते म्हणाले.

"कसला वार?"

"गंगाबाईंच्या कागदावर गुरुवार आहे. मी जे वर्ष सांगितलं त्या वर्षात तो बसत नाही."

"मग कुठल्या वर्षात बसतो?"

"नऊ वर्षं आधी."

वेंकटरावांना मोडी येत नव्हती, हिशेब उत्तम येत होता. नऊ वर्षांचा अर्थ त्यांनी तिथल्या तिथे मांडला. मग ते पुन्हा हसले, पण या वेळी आवाज न करता.

"गुरुवार! अरे, अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारासाठी तू घर पाडणार? माझं सोड. तुझं घर?"

"पाडणार असं कुठं म्हटलं मी?"

"म्हटलं नाहीस, पण तोंड तसं झालंय तुझं." ते उठले, चपला शोधल्या, आणि पायात घालताघालता, मान वर न करता बोलले. "ऐक. मला मोडी येत नाही. नामदेवानं सांगितलं ते मी मानलं, कोर्टानं मानलं. सही तुझी. त्याच महिन्यात माझ्याकडून मातीमोल भावानं जागा घेतलीस ती पण तूच. आता तूच सांगशील की वाचलेलं खोटं होतं, तर पोलीस कुणाला विचारतील? मला? मी फसलेला म्हातारा." मग ते सुप्रभाबाईंकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "कॉफी फार छान, अम्मा. येतो." आणि पायरीवरून: "तुरुंगात मोडी वाचायला देतात का, ते विचारून ठेव कुणालातरी."

गाडी गेली. सुप्रभाबाई दारात उभ्या होत्या. बोलणे त्यांनी अर्धे ऐकले असावे. उरलेले विचारण्याऐवजी त्यांनी तळहात पुढे केला, जणू येणारी वस्तू थोपवीत होत्या.

"मला नका सांगू."

"सुप्रभा, ऐक तरी."

"नको म्हणते ना. कळलं की मी पण त्यात आले. जे काय आहे ते मला माहीत नाही, तोवर माझं जेवण गोड आहे."

---

शनिवारी दिवसभर एक पांढरी गाडी समोर कालव्यावरच्या मोरीवर उभी होती. आत एक माणूस होता. तो उतरत नव्हता, फोनवर बोलत नव्हता, घराकडे पाहतही नव्हता. हे न पाहणेच नामदेवरावांना असह्य झाले. त्यांनी चारदा उठून दाराची कडी तपासली, आणि चौथ्यांदा लक्षात आले की कडी आतून लावून आपण दुसऱ्याच्या जागेत स्वतःला कोंडून घेत आहोत.

ते स्वभावाने वाद घालणारे होते, आणि त्या दिवशी प्रतिपक्ष कुणी नसल्याने ते स्वतःशीच वाद घालीत बसले. पाप मनात झाले असेल तर पश्चात्तापही मनात पुरे व्हावा. प्रभू क्षमा करतो ती जमिनीचा दाखला पाहून करीत नाही. मी आज गुडघे टेकले, अंतःकरणापासून रडलो, तर कोणते शास्त्र म्हणेल की क्षमा अपुरी राहिली? युक्तिवाद चोख होता. तसा तो त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला असता तर त्याला एकच प्रश्न विचारला असता: क्षमा मागून उठल्यावर तू कोणत्या घरात झोपायला जाणार? मग सुप्रभेचा विचार. या वयात तिला पुन्हा गळक्या कौलांखाली न्यायचे? यात दया होती, खोटे काहीच नव्हते, आणि म्हणूनच हा विचार सगळ्यांत धोक्याचा होता. लोभाला आपल्या पत्नीचा चेहरा लावून पुढे पाठवले आहे हे कळायला त्यांना दुपार उलटावी लागली. आणि तुरुंग? त्याला त्यांच्याजवळ युक्तिवाद नव्हता. तिथे नुसते भय होते.

दर महिन्याला एका रविवारी त्यांच्या मंडळीत प्रभुभोजन असे, आणि आदल्या संध्याकाळी ज्याला त्यात भाग घ्यायचा त्याने पाळकांसमोर जाऊन आपले नाव द्यायचे, अशी जुनी चाल होती. इतर मंडळ्यांनी ती केव्हाच सोडली होती. नाव देणे म्हणजे सांगणे की देवाच्या आणि माझ्या मध्ये, माझ्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये, मला ठाऊक असलेले काही उरलेले नाही. तसे उरलेले असताना जो ती भाकर हातात घेतो तो आपल्यावरचा निकाल हातात घेतो, ही शिकवण नामदेवरावांच्या कानावर लहानपणापासून होती. नऊ वर्षांत त्यांनी शंभराच्या वर वेळा नाव दिले होते.

देवळाच्या मागच्या खोलीत पाळक देवनेसन वही उघडून बसले होते. पंधरा-वीस माणसे रांगेत होती. कुणी भावाच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत होते, कुणी डासांबद्दल. मोपेडच्या आरशात वाटभर दिसलेली पांढरी गाडी आता फाटकाबाहेर उभी असेल, हे नामदेवरावांना मान न वळवताही कळत होते. सुप्रभाबाई पुढे होत्या. त्यांचे नाव लिहून झाले.

"नामदेव," असे म्हणत पाळकांनी न विचारताच पेन कागदावर टेकवले. पहिले अक्षर उमटलेही.

"नको," नामदेवराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझं नाव नको, अय्या."

पाळकांनी पेन उचलले.

"कुणाशी वैर?"

"वैर नाही. कुणाचं तरी माझ्याकडे आहे."

"त्या माणसाला माहीत आहे?"

"नाही."

पाळक देवनेसन हे काही मोठे वक्ते नव्हते. त्यांचे प्रवचन लोकांना झोप आणी. त्यांनी उमटलेल्या अक्षरावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मग इथं माझ्याकडे काय काम आहे? त्या माणसाकडे जाऊन ये. वही मी ठेवतो." आणि रांगेकडे पाहून, "पुढचे कोण?"

रांगेतल्या एका म्हातारीने तोंडावर पदर धरला. नामदेवराव बाहेर येऊन पायरीवरच बसले. बत्तीस वर्षांची अब्रू एका आडव्या रेघेने गेली होती, आणि अजून तर कुणाला काही कळलेही नव्हते. सुप्रभाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मग बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "अस्की सांगा, काही गाळू नका."

त्यांनी सांगितले. गाडीतले बोलणे, न जुळवलेला वार, दहा सेंट. काही गाळले नाही. चाळीस माडांवर नजर कशी फिरली तेही सांगितले. सुप्रभाबाई मध्ये एकदाच बोलल्या. "घर जाणार?"

"जाईल."

"आणि तुम्हाला धरतील?"

"धरू शकतील."

फाटकाबाहेर पांढरी गाडी होतीच. सुप्रभाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. "नऊ वर्षं रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी मी म्हणते, प्रभू, हे छप्पर तू दिलंस. रोज! मी कुणाचे आभार मानत होते हो? त्यानं वर बसून काय म्हटलं असेल? मी दिलं नाही, ही बाई कुणाशी बोलते?" त्या रडत होत्या, पण रागाने. "मला काल सांगायचं होतंत."

"तूच नको म्हणालीस."

"मी म्हणाले म्हणून ऐकायचं? एरवी कधी ऐकता?"

मग त्या आत गेल्या आणि वहीतून आपलेही नाव काढून परत आल्या.

---

सोमवारी सकाळी नामदेवरावांनी नवे वाचन पूर्ण केले. दोन्ही कागदांची वर्षे लिहिली, वार लिहिले, आणि खाली, स्वतंत्र परिच्छेदात, की पूर्वीच्या वाचनात वर्ष चुकले. शंका येऊनही वार जुळवला नाही. आणि त्याच महिन्यात वादातल्या जमिनीचा तुकडा आपण विजयी पक्षाकडून अल्प किमतीत घेतला. हे शेवटचे वाक्य त्यांनी तीनदा खोडले. चुकीची कबुली पुरेशी आहे, लाभ सांगण्याची कुणी मागणी केलेली नाही, असे त्यांच्यातला वकील म्हणत होता. चौथ्यांदा लिहिले तेव्हा अक्षर वाकडे आले. तसेच राहू दिले. दोन प्रती झाल्या. एक न्यायालयाला, एक तिरुच्चीच्या वकिलांना.

टपाल कचेरीच्या रांगेत त्यांच्यामागे पांढऱ्या गाडीतला तो माणूस येऊन उभा राहिला. जवळून पाहता तो तरुण नव्हता; केस पिकलेले, कपाळावर विभूती, हातात मोबाइल.

"वेंकटराव अय्यांनी विचारलंय, सही झाली का म्हणून," तो तमिळमध्ये, फार अदबीने म्हणाला.

"झाली."

"मग द्या. मी नेऊन देतो. तुम्हाला कसाला त्रास?"

लिफाफे नामदेवरावांच्या छातीशी धरलेले होते. माणसाने हात पुढे केला. ओढण्यासाठी नव्हे, नुसता उघडा तळहात, आणि तो तसाच ठेवून तो वाट पाहू लागला. आजूबाजूला माणसे होती, कारकून होता, दारात पहारेकरी होता, आणि तरी नामदेवरावांना वाटले की भर बाजारात आपण एकटे आहोत. अजून लिफाफे परत खिशात जाऊ शकत होते. अजून घर होते, माड होते, अब्रूवरची रेघ काहीतरी सांगून पुसता येत होती. त्यांचे ओठ हलले. त्यांनी प्रार्थना केली असेल, पण शब्द त्यांना नंतर आठवले नाहीत. खिडकीतल्या बाईने "पुढे" म्हटले, आणि त्यांनी दोन्ही लिफाफे जाळीखालून आत सारले.

पावती घेऊन वळले तेव्हा तो माणूस फोन कानाला लावून बाहेर निघाला होता. त्यांच्याकडे त्याने एकदाही वळून पाहिले नाही.

---

गंगाबाई राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत. वय सत्त्याहत्तर, तालुका कचेरीत तीस वर्षे लेखनिक म्हणून काढलेली, मूल ना बाळ, तोंडाने तिखट. दार उघडेच होते. त्या जमिनीवर बसून चिंच निवडत होत्या.

"ये. आज रस्त्यातूनच नमस्कार नाही? आत येतोस?"

"आक्का, थोडं बोलायचं आहे."

"बस. तिथं नको, तिथं मुंग्या आहेत. बोल."

नामदेवरावांनी बोलायला सुरुवात केली. वाटभर त्यांनी वाक्ये जुळवून ठेवली होती, आरंभ, मध्य, शेवट. त्यांतले एकही जिभेवर टिकले नाही. तुमचा कागद आधीचा होता. मी चूक वर्ष सांगितलं. शंका आली होती. मी पाहिलं नाही, कारण वेंकटरावांनी मला जागा देऊ केली होती. घर त्याच जागेवर आहे. आज कोर्टाला लिहून पाठवलं. एवढेच बोलून ते थांबले, आणि आता ही बाई ओरडेल, शेजारी गोळा होतील, कुणी पोलिसांना बोलावील, अशी वाट पाहत राहिले.

गंगाबाईंचे हात थांबले नव्हते. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला.

"परत सांग," त्या म्हणाल्या. "माझा कागद किती वर्षं आधीचा?"

"चार."

"चार." त्यांनी मान हलवली. "मी कोर्टात सांगितलं होतं. माझा बाप सांगायचा, आपला आधीचा, आपला आधीचा. त्या वकिलानं विचारलं, पुरावा काय? मला मोडी येत नाही, मी काय दाखवणार? सगळे हसले. तू तिथंच बसला होतास. तू हसला नव्हतास, एवढं आठवतं मला." मग: "तुझ्या आजोबांनी धर्म सोडला तेव्हा आमच्या गल्लीत त्यांच्याशी कुणी बोलेना. माझा बाप बोलायचा. म्हणायचा, देवळात कुठल्याही जा, माणूस खरा आहे. आणि तू नऊ वर्षं मला रस्त्यात हात जोडलेस. दर वेळी. मी घरी येऊन म्हणायची, ज्ञानप्रकाशाचा मुलगा किती मानतो मला."

नामदेवरावांनी डोळे वर केले नाहीत.

"वेंकटराव काय करील तुला?"

"माहीत नाही. पोलिसांत जाईल. शनिवारपासून माणूस मागे आहे."

"भितोस?"

"फार."

"भी. भ्यायलाच हवं." त्यांनी चिंचेचे ताट बाजूला सारले, पदराला हात पुसले, आणि कचेरीतल्यासारखे ताठ बसून एकेक विचारू लागल्या. टपालाची पावती आहे? दाखव. कोर्टात उभा राहून हेच बोलशील? वेंकटरावाचा वकील तुला चोर म्हणेल, तरी बोलशील? घरावर कर्ज आहे? नाही? बायकोला माहीत आहे? ती काय म्हणाली? नामदेवरावांनी पावती त्यांच्या हातात ठेवली आणि एकेकाचे उत्तर दिले.

"माझी क्षमा होना तुला?" त्यांनी शेवटी विचारले.

"मागायला आलोय, आक्का. मिळेलच असं धरून आलो नाही."

"ती आज नाही देणार. पुढं कधी वाटलं तर सांगीन. पोलिसांकडे मी जाणार नाही, तो गेला तर तुझं तू बघ." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पावती त्यांच्या हातात परत दिली आणि दाराकडे चालू लागल्या. "कोर्टात माझ्या बाजूनं उभा राहा. आणि घर माझ्या जमिनीवर आहे. पोंगल झाला की रिकामं कर."